कारणाचा रकाना

अपघातांचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते फायलीत लागत जातात, आणि मग फाइल ज्याच्या टेबलावर असते त्याच्या डोक्यात जाऊन बसतात. फाइल माझ्या टेबलावर होती. शहराबाहेर, जालना रोडच्या बाजूला आमचा फ्लाइंग क्लब होता. तिथं मी टायपिस्ट म्हणून लागले आणि तिथंच रिटायर झाले. विमानात मात्र एकदाही बसले नाही. लोक विचारतात, "का हो, भीती वाटते?"

मी म्हणते, "रिपोर्ट मी टाइप केलेत!"

क्लब म्हणजे काय, तर एक पत्र्याचं हँगर, एक धावपट्टी आणि दोन विमानं. त्यातलं एक कायम उघडून ठेवलेलं. उडायचं ते दुसरं. एका इंजिनाचं, दोन माणसांचं, डोक्यावर पंख असलेलं. त्याला आम्ही 'मावशी' म्हणायचो. शिकवायला दाणी सर, हवाई दलातून आलेले, मोजकं बोलणारे. दुरुस्तीला रज्जाकभाई. मावशीला काही झालं की एक लांबलचक फॉर्म भरायचा. वेळ, वारा, नुकसान, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना: कारण. दाणी सर सांगायचे, मी टाइप करायची. त्या रकान्याशी आले की सर चष्मा काढून पुसायला लागायचे.

*

दुष्काळाची सालं होती. हर्सूलचा तलाव तळाला गेलेला, नळाला चार दिवसांनी पाणी. त्या उन्हाळ्यात एक विद्यार्थी उडाला आणि वर जाऊन बघतो तर वेगाचा काटा शून्यावर! विमान उडतंय, आणि काटा म्हणतोय उभं आहे. हा काटा फार महत्त्वाचा. वेग कमी पडला की विमान पडतं. पोरानं घाबरून अंदाजानं उतरवलं, धाडकन आपटलं, पुढचं चाक वाकलं.

रज्जाकभाईंनी शोध लावला. पंखाखाली एक नळी असते, तिच्यात वारा शिरतो आणि त्यावरून वेग कळतो. त्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. साऱ्या माळावर चिखल म्हणून नव्हता, फक्त हँगरच्या गळक्या नळाखाली होता. मग ती बिचारी जाणार कुठं?

"हौ बाई, उसकू बी घर होना ना," रज्जाकभाई म्हणाले.

कुंभारीण माशीला इंग्रजीत काय म्हणतात ते ना सरांना आठवेना, ना मला. मी सरळ इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: कारण, कुंभारीण. महिन्याभरानं दिल्लीहून विचारणा आली.

"सदर कुंभारीण यांचा जबाब का जोडलेला नाही?"

*

रज्जाकभाईंचा पेट्रोलच्या काट्यावर अजिबात विश्वास नव्हता. उडण्याआधी ते शिडी लावून पंखावर चढायचे आणि टाकीत लाकडी पट्टी बुडवून बघायचे. एकदा औरंगपुऱ्यातल्या कापडवाल्यांचा महेश घाईत होता. "भाई, काटा अर्धा दाखवतोय, पुरे!" म्हणाला आणि गेला. तासाभरानं उतरला, आणि धावपट्टीवरून हँगरकडं येताना मावशी मध्येच बंद पडली. टाकीत थेंब नव्हता. आणखी दोन मिनिटं वर राहिला असता तर मला फॉर्म भरायला लागला असता.

रज्जाकभाई त्याला रागावले नाहीत. नुसती पट्टी त्याच्या हातात दिली. म्हणाले, "मशीन झूट नै बोलती बेटा. काटा बोलता."

महेश त्या दिवशी पायी घरी गेला. स्कूटर हँगरपाशीच विसरला होता.

*

त्याच उन्हाळ्यात एक वळवाची सर आली. दहाच मिनिटं, पण सगळा स्टाफ बाहेर येऊन भिजला. मावशीही उघड्यावर उभी होती. टाकीच्या झाकणाचं रबर उन्हानं तडकलेलं होतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून बघायचं असतं, पाणी आहे का म्हणून. तेही राहिलं. इतक्या कोरड्या जिल्ह्यात पाणी कुठून येणार!

वैजापूरच्या बाजूला इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. विद्यार्थ्याबरोबर दाणी सर होते म्हणून निभावलं. खाली सगळीकडं बांध आणि विहिरी. एक कोरडा पडलेला पाझर तलाव दिसला, त्यात त्यांनी उतरवलं. तळ्यात पाणी असतं तर दोघंही गेले असते. भेगांत चाक अडकून नाकावरचा पंखा वाकला तेवढंच.

आम्ही जीप घेऊन पोचलो तेव्हा तलावात निम्मं गाव जमलं होतं. बायांच्या हातात घागरी होत्या. सरकारी टँकरची वाट बघत बसल्या होत्या, आणि वरून हे आलेलं दिसलं, तशा धावत सुटल्या. एकीनं मला विचारलं, "बाई, ह्याच्यात पानी हाय का वो?"

 

रज्जाकभाई पंखाखाली गेले, टाकीच्या तळाचा खटका दाबला आणि काचेचं भांडं धरलं. ते उजेडात वर केलं. वर निळसर पेट्रोल, आणि खाली बोटभर स्वच्छ पाणी.

"पानी है साब," ते सरांना म्हणाले.

घागर घेतलेली एक म्हातारी पुढं आली. भांड्याकडं वाकून बघत राहिली.

"येवढंच व्हय?"

*

इंजिन बंद पडलं तर कुठं उतरायचं, हे दाणी सर पहिल्या दिवसापासून शिकवायचे. वर गेलं की अचानक इंजिनाचा जोर काढून घ्यायचे आणि विचारायचे, "बोल, कुठं?" पोरानं खाली बोट दाखवायचं. सरांच्या खोलीत शहराभोवतालचा नकाशा होता, त्यावर अशी सपाट वावरं नंबर घालून रंगवलेली.

पण शहर वाढत होतं. आज एका वावरात चुन्याच्या रेघा, उद्या खांब, परवा तिथं 'अमुक नगर'. दर महिन्याला सर एखाद्या वावरावर लाल पेन्सिलीनं फुली मारायचे.

त्या वेळच्या विद्यार्थ्यांत उत्तम होता. अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातला, घरची मोसंबीची बाग. बाकीची पोरं वरून हिरवं दिसलं की बोट दाखवायची. उत्तम म्हणायचा, "सर, तिथं नको. सऱ्या आडव्या काढल्यात, चाक अडकंल. पलीकडं ज्वारी काढलेली हाय, तिथं." सर मला खाली येऊन सांगायचे, "बाई, हा वरून माती वाचतो!" सरांनी दुसऱ्या कुणाचं इतकं कौतुक केलेलं मी ऐकलं नाही.

एक दिवस आमचे हे आनंदात घरी आले. प्लॉट घेतला होता! मोकळी जागा, चांगला वारा, शेजारी एकही घर नाही. ती जागा नकाशावर कुठं आहे ते मला चांगलंच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी नकाशासमोर जाऊन उभी राहिले.

"काय बघताय?" सरांनी विचारलं.

"अकरा नंबर, सर. आम्ही तिथं घर बांधतोय."

सर उठले. लाल पेन्सिल उचलली. "अकरा नंबर सगळ्यात चांगला होता," म्हणाले, आणि फुली मारली.

त्या घरात आम्ही अजूनही राहतो. डोक्यावरून विमान जाताना आवाज जरा बदलला, की माझा हात आहे तिथं थांबतो.

*

उत्तमची गोष्ट मी सहसा सांगत नाही.

तो एकटा उडायला लागला होता. त्या दिवशी त्यानं जिथं जायचं तिथं न जाता मावशी आपल्या गावाकडं वळवली. सगळी पोरं कधी ना कधी हे करतात. दाणी सर ओरडून ओरडून सांगायचे, घरच्यांना दाखवायला म्हणून जितकी विमानं पडली तितकी वादळानं पडली नसतील. उत्तम खाली आला, घरावरून गेला. मग परत यायला म्हणून एकदम करकचून वळला. इतक्या खाली, इतकं तिरपं वळल्यावर वेग संपतो. एक पंख खाली कलला आणि मावशी बागेत कोसळली. ते साल असं होतं की बागेतली झाडंही उभी वाळलेली होती.

दिल्लीचे अधिकारी आले, मोजमापं घेऊन गेले. चौकशीचा निकाल आला, त्याची प्रत मीच फायलीला लावली. कारण: अतिशय कमी उंचीवर तीव्र वळण. वैमानिकाची चूक.

दाणी सरांनी तो कागद वाचला आणि त्या महिन्यात राजीनामा दिला.

त्यानंतर एका दुपारी उत्तमचे वडील ऑफिसात आले. मी त्यांना अंत्यविधीला पाहिलं होतं. धिप्पाड माणूस, पण खुर्चीच्या कडेवर बसला. पाणी दिलं, ते तसंच ठेवलं.

"बाई, कागद आला म्हनं. काय लिवलंय त्यात?"

खोटं सांगावं असं फार वाटलं. पण ते माझ्याकडं असे बघत होते की मी जे होतं ते मराठीत वाचून दाखवलं. शेवटचे दोन शब्दही.

ते म्हणाले, "ते चुकलंय."

"काका, तपास मोठ्या लोकांनी केलाय…"

"त्यांनी मला इचारलं व्हतं. मी म्हनलो, म्या हिरीवर व्हतो, आवाज आला. ते खोटं सांगितलं." ते खाली फरशीकडं बघत होते. "म्या खळ्यात उभा व्हतो. त्यो वरून गेला, मला दिसला. हात केला त्यानं. त्याची माय आत भाकरी करीत व्हती. म्या वरडलो, अगं ये, ये! तिला यायला उशीर झाला. तवर तो पुढं गेला. म्हून म्या डोक्याचा पटका काढला आन् गरगर फिरवला. परत फिर म्हनलो. तिनं नाय बघितलं अजून."

मी टाइपरायटरवर हात ठेवून बसले होते.

"पोरगं माझ्या सांगन्यावरून फिरलं, बाई. त्या रकान्यात माझं नाव लिवा."

असा जबाब चालत नाही, तपास बंद झालाय, हे सगळं मला माहीत होतं. मी कोरा कागद लावला. ते एकेक वाक्य सांगत गेले, मी इंग्रजीत टाइप करत गेले. संपल्यावर त्यांनी मला मराठीत सगळं वाचून दाखवायला लावलं. मग खाली सावकाश सही केली, पूर्ण नाव, गाव, तालुका.

"आन् वरचं?" त्यांनी निकालाच्या कागदाकडं बोट केलं. "ते खोडलं का?"

मी पेन घेतलं आणि क्लबच्या प्रतीवरचे ते दोन शब्द त्यांच्यासमोर खोडले. नोकरीत केलेली तेवढी एकच खाडाखोड.

ते उठले. मी म्हटलं, "काका, तुमच्या जबाबाची एक प्रत देते. जवळ असू द्या."

ते दारात थांबले.

"नको बाई. हितंच ऱ्हाऊ द्या. घरी नेला तर त्याची माय म्हनंल, वाचून दाखवा."