शक्कीसाहेबांचा डावा हात

रोग्याने आपल्या रोगाचे नाव स्वतःच सांगितले, की शक्कीसाहेबांचा त्यावरचा विश्वास उडालाच म्हणून समजावे. ग्वाल्हेरच्या एका सरकारी दवाखान्यात ते कातडीचे डॉक्टर होते. "डॉक्टरसाहेब, दाद झाली आहे," असे कोणी म्हणाले की ते चष्म्यावरून बघत. "हे तुम्ही म्हणता. चमडी काय म्हणते ते बघू." मग चट्ट्याच्या कडेचा कोंडा पात्याने खरवडायचा, काचेच्या पट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशचा थेंब टाकायचा, स्पिरिटच्या दिव्यावर काच जरा उबवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. बुरशीचे धागे दिसले तरच दाद, म्हणजे गजकर्ण. नाहीतर रोगी आणि त्याचा रोग दोघेही संशयित. त्यांचे खरे नाव वेगळे होते, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू येई.

नवा मध्य प्रदेश नुकताच झाला होता. राजधानी भोपाळला गेली होती आणि इकडची माणसे तिकडे, तिकडची इकडे चालली होती. मी जबलपूरहून त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा त्यांनी बसा म्हणण्याआधी विचारले, "तुम्हाला कुणी पाठवलं?"

"सरकारने," मी म्हणाले.

"कोणत्या? मी या खुर्चीवरून उठलो नाही आणि रियासत, मध्यभारत आणि आता हे, अशी तीन सरकारं भुगतली. प्रत्येकाने एकेक माणूस नजर ठेवायला धाडला."

मी त्यांची जागा घ्यायला आले आहे, अशी त्यांची पक्की खात्री होती. मी तपासलेली प्रत्येक काच ते पुन्हा तपासत. माझे निदान बरोबर निघाले की त्यांचा चेहरा आणखीच पडे.

एकदा एका मराठा सुभेदाराची मुलगी आली. गालावर फिकट डाग. लग्न ठरलेले, आणि सोबत होणारे सासरे. "महारोग नाही ना, एवढं लिहून द्या," सासरे म्हणाले. साहेबांनी मुलीला डोळे मिटायला सांगितले, कापसाचे टोक ओढून बारीक केले आणि गालाला हलकेच लावले. "जिथे लागलं तिथे बोट ठेव, बेटा." तिने डागावर अचूक बोट ठेवले. मग डागाचा कोंडा काचेवर आला. "या, तुम्हीच बघा," ते सासऱ्यांना म्हणाले. "तोडलेल्या शेवया दिसतात? मधेमधे साबुदाणा? ही शिबं आहेत. मलम लावा, जातील."

सासरे वाकून बघताना बोटांच्या बेचक्या खाजवत होते. साहेबांनी त्यांचा हात धरला, बेचकीत दौतीतली शाई चोळली आणि स्पिरिटने पुसली. सगळी शाई गेली. राहिली फक्त एक बारीक, नागमोडी रेघ. "किड्याने खणलेलं भुयार आहे हे. खरूज," साहेब म्हणाले. "आता मुलीच्या बापाने तुमच्याकडून काय लिहून घ्यावं?" मुलगी पदराआड हसली. लग्न झाले.

त्या हिवाळ्यात एका दुपारी, बाहेरचे रोगी संपल्यावर, त्यांनी दार लावून घेतले आणि डावी बाही कोपराच्या वर सारली. दंडावर रुपयाएवढा फिका, कोरडा चट्टा होता.

"स्वतःची परीक्षा स्वतःला करता येत नाही, बाई. कुठे हात लागला ते आधीच मालूम असतं. तुम्ही करा." त्यांनी डोळे मिटले.

मी कापूस मनगटाला लावला. त्यांनी बोट ठेवले. खांद्याला लावला; बोट ठेवले. मग चट्ट्याला लावला. ते तसेच बसून राहिले. जरा वेळाने म्हणाले, "थांबलात का? करा ना."

मी एका नळीत गरम आणि एकीत गार पाणी भरून आणले आणि आळीपाळीने चट्ट्याला टेकवले. "दोन्हींत गारच भरलंय तुम्ही," ते चिडून म्हणाले. मी गरम नळी त्यांच्या उजव्या हातात दिली. त्यांनी ती चटकन सोडली, डोळे उघडले आणि खाली फुटलेल्या नळीच्या काचांकडे बघत राहिले.

मग मी कानाच्या पाळीतून आणि चट्ट्याच्या कडेतून रस घेऊन काचा रंगवल्या. जंतू दिसले नाहीत. म्हणजे चट्टा बधिर असल्याने महारोग होता, पण रसात जंतू नसल्याने त्यांच्यापासून कुणाला धोका नव्हता. मी सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी मान हलवली. "तुम्ही पाहिलंत ना? बस."

त्यांनी गोळ्या सुरू केल्या. थोड्या दिवसांनी त्यांची बायको थाटीपुरच्या माझ्या क्वार्टरवर आली. आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू. चहाला हात न लावता त्या म्हणाल्या, "दुपारी दार लावून तुम्ही नि ते काय करता, डॉक्टरीणबाई?"

मी कप त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो बाजूला केला. "लग्न झाल्यापासून मी त्यांच्या ताटात जेवते. आता ते उठले की स्वतःच ताट घासून पालथं घालतात. बाहेरच्या खोलीत निजतात. बाई असेल तर तसं सांगा. मी सोसेन. पण कळू तर द्या."

रोग्याचे गुपित माझ्या ओठांवर येऊन अडले. "त्यांनाच विचारा," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटले, "वहिनींना आज सांगा. त्या भलतंच समजल्या आहेत."

"ती घाबरेल."

"आत्ता काय कमी घाबरल्या आहेत?"

त्यांनी घरी सांगितले, आणि मग वरिष्ठांनाही. धोका नाही हे साऱ्यांनी मान्य केले, तरी त्यांच्या टेबलापुढची रांग आटली. त्यांनी स्वतःहूनच लांबच्या जिल्ह्यातले कुष्ठरोग्यांचे केंद्र मागून घेतले. त्यांच्या जागेसाठी माझ्या नावाची शिफारसही त्यांनीच करून ठेवली होती, हे मला नंतर कळले.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावले. सामान बांधलेले होते. साहेबांचे जेवण झाले. सवयीने ताट उचलून ते मोरीकडे निघाले. वहिनींनी वाटेतच ते हातातून काढून घेतले, पाटावर मांडले आणि त्यात स्वतःला भात वाढून घेतला.

"अगं, नको," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही तरी सांगा हिला."

"काय सांगायचं?" मी म्हणाले. "काचा मी बघितल्या आहेत."

वहिनींनी आमच्यापैकी कुणाकडेच पाहिले नाही. ताटाच्या कडेला उरलेल्या वरणात त्यांनी भात कालवला आणि पहिला घास घेतला. साहेब समोर भिंतीला टेकून बसले. वहिनींचे जेवण होईपर्यंत ते उठले नाहीत.