काचेच्या तारेतून दोन रिंगा

आमच्या घरी काचेच्या तारेचा फोन यायचा होता त्या दिवशी मी उजाडायच्या आत दाढी केली आणि धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसलो.

सूनबाई म्हणाली, "मामा, फोन बसवायला माणूस येणार आहे. पाहुणे नाहीत."

"पाव्हण्यापेक्षा मोटा हाय त्यो. तू चहा ठेव."

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण यंत्रमागावर जॉबर म्हणून, माग दुरुस्त करण्यात, उभी हयात काढली. बिघडलेला माग आधी कानानं ऐकायचा आणि मग पान्याला हात घालायचा, ही माझी रीत. सोलापुरातल्या कितीतरी चादरींच्या मागांना माझा हात लागलेला आहे. त्यामुळे काचेच्या तंतूतून माणसाचा आवाज जातो असं कळल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. ते कसं करतात, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

टेलिफोनवाल्यांनी कळवलं होतं की जुन्या तांब्याच्या तारा आता बंद होणार. पुण्याहून मुलगा म्हणाला, "आण्णा, सगळ्यांकडं मोबाइल आहेत. तो फोन काढूनच टाका."

मी म्हणालो, "फोन ऱ्हाणार. आन नंबर त्योच ऱ्हाणार. न्हायतर मला बी काढून टाका."

नंबरासाठी मी एवढा हटून बसलो, त्याला कारण आमची अक्का. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मंगळवेढ्याला एकटी राहते, दोन शेळ्या सांभाळते. डोळ्यांना आता नीट दिसत नाही. तिच्याकडे बटणांचा मोबाइल आहे, त्यावर आमच्या घरचा नंबर ती बोटांनी चाचपून लावते. तेवढा एकच नंबर तिच्या बोटांना ठाऊक. नवा नंबर या वयात तिला कोण शिकवणार?

रोज सकाळी सात वाजता, शेळ्यांना पाला टाकून झाला की ती आमच्या फोनवर दोन रिंगा देते आणि बंद करते. म्हणजे, मी उठले, बरी आहे. मी उचलायचा नाही. तिसरी रिंग वाजली तरच उचलायचा.

ही पद्धत फोनच्या कितीतरी आधीची. लहानपणी आम्ही दोघं मेंढरं घेऊन माळावर जायचो. ती ओढ्याच्या पल्याड, मी अल्याड. मधूनमधून ती दोनदा हाळी द्यायची. दोन हाळ्या म्हणजे सगळं ठीक. तिसरी आली की हातातलं टाकून पळत सुटायचं, कारण लांडगा आलेला असायचा. लांडग्याची तिसरी हाळी मी आयुष्यात एकदाच ऐकली. 

वर्षभर झालं, आमचं बोलणं मात्र बंद होतं. मी म्हणालो होतो, "सोलापूरला येऊन ऱ्हा." ती म्हणाली, "माज्या शेळ्या कुटं बांदशील?" मी म्हणालो, "हितं शेळ्या चालायच्या न्हाईत." त्यावर तिनं फोन आपटला. मीही कधी उलटून लावला नाही. आम्ही एकाच आईची लेकरं, नमतं कोण घेणार! पण दोन रिंगा एकही दिवस चुकल्या नाहीत.

तर तो माणूस आला. केस पिकलेला, शांत. त्यानं दाराशी बैठक मारली, पेटीतून एक यंत्र काढलं, आणि मी चष्मा पुसून त्याच्या शेजारीच बसलो. केसाएवढी काच! त्यानं दोन टोकं सोलली, पुसली, यंत्रात समोरासमोर ठेवली. यंत्राच्या पडद्यावर ती टोकं दोरखंडाएवढी दिसायला लागली. मग बारीकशी ठिणगी पडली आणि दोन्ही टोकं एक झाली. गाठ नाही, पीळ नाही, काही नाही!

मी आयुष्यभर तुटलेले धागे जोडले, माझी गाठ कापडात कुणाला सापडली नाही याचा मला गर्व होता. तो तिथं दारातच उतरला.

"परत दावा की," मी म्हणालो.

"काका, जोडलेलं परत कशाला तोडू?"

"आरं, एकडाव!"

तो हसला. उरलेल्या तुकड्याचे दोन भाग करून त्यानं खरंच परत दाखवलं. मी सूनबाईला स्वयंपाकघरातून ओढत आणून तिलाही बघायला लावलं.

मग भिंतीवर पांढरा डबा बसला, त्यात हिरवे दिवे लागले. मी माझा चकतीचा काळा फोन पुढे केला.

"ह्योच जोडायचा."

"काका, यावर रिंग येईल, बोलताही येईल. पण चकती फिरवून नंबर लागेलच असं नाही."

"मला लावायचा कुटं हाय? मला आलेला पायजे."

त्यानं जोडला. वर म्हणाला, "आणि एक लक्षात ठेवा, लाइट गेली की..."

"लायटीचं मला शिकवू नका," मी त्याला मध्येच तोडलं. "फोनची वीज फोनच्या तारेतनंच येती. इतकी वर्षं वापरतोय. घरात अंधार असला तरी फोन वाजतोय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, सूनबाईकडे पाहिलं, चहा संपवला आणि निघाला.

सूनबाईनं स्वयंपाकघरातून मोबाइलवरून फोन लावून बघितला. काळा फोन खणखणला तसा मी झडप घालून उचलला! जुनी खरखर गेलेली. कुकरची शिट्टी एकदा या कानानं ऐकली आणि एकदा फोनमधून त्या कानानं. मी तिला चार वेळा फोन लावायला लावला. पाचव्यांदा ती म्हणाली, "मामा, भात करपतोय."

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच मी फोनपाशी बसलो. काचेतून येणारी अक्काची पहिली रिंग मला ऐकायची होती. सातला दहा मिनिटं कमी असताना पंखा फिरायचा थांबला. डब्यातले हिरवे दिवे गेले. मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. काही नाही. घरघरसुद्धा नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तांब्यातून वीज जाते. काचेतून कशी जाईल? मी, एवढा जॉबर, आणि हे मला कळू नये!

"तो माणूस हेच सांगत होता ना, मामा?" सूनबाई म्हणाली.

"त्यानं नीट सांगाय पायजे हुतं."

"तुम्ही सांगू दिलं असतं तर सांगितलं असतं."

सात वाजले. सूनबाईनं तिच्या मोबाइलवरून अक्काला लावलं. व्यस्त. परत लावलं, परत व्यस्त. मला काही सुचेना. अक्का सकाळी सातला कुणाशी बोलणार? तिला बोलायला माझ्याशिवाय आहे कोण? पडली तर नाही? फोन हातात धरून कुठं कोसळली तर नाही? ओढ्यापलीकडची ती तिसरी हाळी कानात घुमायला लागली.

मी उठलो. डब्याच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते चष्मा लावून बघितलं. इंग्रजी येत नसलं तरी आकडे मला येतात. बारा! बारा व्होल्टची वीज तर दारात उभी होती, सूनबाईच्या स्कूटीत.

पान्यानं स्कूटीची बॅटरी काढली. अडॅप्टरची वायर कात्रीनं कापली तशी सूनबाई ओरडली, "अहो मामा! नवीन आहे ते!"

"नवीन हाय म्हनूनच चालंल."

अडॅप्टरवर चित्र काढलेलं होतं, पिनेचं आतलं टोक अधिक. छोटा बल्ब लावून कुठली तार आत जाते ते तपासलं. या खटपटीत आठ वाजून गेले. लालच्या जागी लाल, काळ्याच्या जागी काळी. डब्यात एक दिवा लागला, मग दुसरा. मग हिरवा!

"लागला!" मी ओरडलो. सूनबाईनं टाळ्या वाजवल्या, कापलेली वायर विसरूनच गेली.

आणि फोन वाजला. एक. दोन. तीन.

मी उचलला.

"जित्ता हायस काय रं?" अक्का!

"मी जित्ता हाय! तू बरी हायस न्हवं?"

"मला काय धाड भरलीया? सात वाजल्यापास्नं लावतीया, एक बाई सांगती फोन बंद हाय. पन्नासदा लावला. म्हनलं, भाऊ गेला माजा."

"कुटं जातोय मी! तू हायस कुटं? गाडीचा आवाज येतोय."

"इष्टीत बसलीया. तुजं तोंड बगायला निगालीया."

"आन शेळ्या?"

"शेजारनीकडं बांदल्या. दोन दिस ऱ्हाईन, जास्त न्हाई, सांगून ठिवते." मग म्हणाली, "आवाज यवडा साफ कसा येतुया? जवळ बसल्यावानी?"

"तार काचेची हाय."

"काचेची? फुटंल की रं!"

मला हसू आवरेना. तिच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू येत होत्या, कंडक्टरनं मारलेली बेल ऐकू आली, आणि तिला लागलेली धापसुद्धा. ती स्टँडपर्यंत पळत गेली असणार. या वयात, त्या डोळ्यांनी.

"अक्का," मी म्हणालो, "स्टँडवर उतरलीस की हलू नको. तितंच थांब."

"थांबीन की. तू ये म्हंजी झालं."

लाइट आली तेव्हा सूनबाई स्कूटीच्या चाव्या घेऊन दारात उभी होती. "आणायला जाऊ कशी? बॅटरी तुमच्या फोनला जोडलीय."

मी बॅटरी बसवून दिली, कापलेली वायर जोडून वर पट्टी गुंडाळली. त्या काचेइतकी साफ नाही जमली, पण जमली. सूनबाई गेल्यावर पाना ठेवून हातोडा घेतला आणि मागच्या अंगणात, भिंतीच्या कडेला, शेळ्यांच्या दाव्यासाठी दोन खुंट्या ठोकल्या. हाताला लागल्या की अक्काला कळणारच होतं, बोलून दाखवायची गरज नव्हती.