'सोवळ्यातलं' हा शब्द काढा

तिनं बेल वाजवली नाही. पोर्चवर ट्रे ठेवले आणि दाराच्या कॅमेऱ्यात तोंड घालून बोलली. मी आत ओट्याशी होते. तिचा आवाज माझ्या फोनमधून आला.

"तुमचे ट्रे परत केलेत. आधी सांगायला हवं होतं तुम्ही. देवाधर्माचं होतं आमचं. फसवलंत आम्हाला."

हात पुसत दार उघडेपर्यंत तिची गाडी वळली होती. ट्रे जसेच्या तसे. फॉइलची कडसुद्धा सोडवलेली नव्हती. आत पुरणपोळ्या, कटाची आमटी, पंचामृत, वाटली डाळ. पहाटेपासून खपून केलेलं सगळं. तासाभरापूर्वी हीच बाई ते हसत घेऊन गेली होती. "अगं, वासानंच भूक लागली बघ," म्हणाली होती. तेव्हा मी 'अगं' होते.

मराठी मंडळातल्या एक काकू या. इथं अमेरिकेत, अल्फारेटात गौरीसुद्धा वीकेंड बघून येतात, तसं त्या शनिवारी त्यांच्याकडं गौरींचं जेवण होतं. घरी गेल्यावर पोळ्या गरम कशा करायच्या ते बघायला त्यांनी माझी वेबसाइट उघडली असणार. ती माहिती तिथंच आहे. तिथंच खाली 'माझ्याविषयी' म्हणून पान आहे. त्यावर मी लिहिलंय, मी नागपूरची, आमचं घर आंबेडकरी बौद्ध, हा स्वयंपाक मी आईकडून शिकले. बस. एवढं वाचलं आणि पोळ्या बाटल्या.

आता फसवणुकीचं सांगते. कारण कोणी कोणाला फसवलं ते सांगायलाच पाहिजे.

मंडळाची एक ऑनलाइन डिरेक्टरी आहे. इथला मराठी माणूस डॉक्टरपासून मेंदीवालीपर्यंत सगळं तिथं शोधतो आणि तिथल्याच नंबरवर फोन करून ऑर्डर देतो. मीही माझ्या वेबसाइटची नोंद पाठवली होती. एकच ओळ. 'घरगुती मराठी जेवण, ऑर्डरप्रमाणे.' ती डिरेक्टरी एक रिटायर्ड काका सांभाळतात. त्यांनी माझं आडनाव वाचलं. आमचं आडनाव असं आहे की त्यांच्यातही सापडतं, आमच्यातही सापडतं. काकांनी मनाशी ठरवून टाकलं, आपल्यापैकीच दिसतात. आणि माझ्या ओळीपुढं आपल्या हातानं जोडलं, 'ब्राह्मणी पद्धतीचं, सोवळ्यातलं.'

मला विचारलं नाही. आपल्यातला वाटला की कोण विचारतं? विचारतात ते आम्हाला. मूळ गाव कुठलं? गावात कुठं? वडील काय करायचे? लहानपणापासून ऐकतेय मी हे. तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्यांचं उत्तर त्यांना मिळालेलं असतं.

ती नोंद दिसली त्याच दिवशी मी दुरुस्तीची विनंती पाठवली. हे शब्द माझे नाहीत, काढा. उत्तर नाही. परत पाठवली. उत्तर नाही. मग मंडळाच्या पिकनिकला काकांना गाठलं. ते हसले.

"अहो, तुमच्याच फायद्याचं लिहिलंय. बघू, वेळ मिळाला की."

वेळ मिळाला की! माझ्याशी बोलता बोलता ते फोनवर कुणाच्या तरी मुंजीचे फोटो मंडळाच्या पेजवर टाकत होते. त्याला वेळ होता. घरी आले आणि माझ्या हातात होतं तेवढं केलं. माझ्या साइटवर ते 'माझ्याविषयी' पान लिहिलं.

आम्ही आधी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला होतो. तिथल्या सगळ्या मराठी लोकांना आम्ही कोण ते माहीत होतं. कुणी वाईट बोललं का? छे! फार गोड लोक. फक्त पॉटलक ठरला की कोण काय आणणार त्या यादीत माझ्या नावापुढं आधीच भरलेलं असायचं. पेपर प्लेट्स. बर्फ. "तुला कशाला त्रास, तू आपला बर्फ आण." कुणाची भाजी, कुणाचा मसालेभात, कुणाचं श्रीखंड, आणि माझा बर्फ. माझा वडाभात चाखायची कुणाला इच्छाच झाली नाही. तेव्हा व्हिसामुळं मला कामाची परवानगीही नव्हती. घरात बसून नुसता जीव जळायचा.

परवानगी आली, नवऱ्याची नोकरी बदलून आम्ही इकडं आलो, तेव्हा मी ठरवलं. स्वयंपाकच करायचा. माझं भांडं त्यांच्या टेबलावर ठेवायचं. लोक म्हणाले, एवढं शिकून डबे काय करतेस? मला माहीत होतं मी काय करतेय.

तर त्या शनिवारी. ट्रे ओट्यावर. मी खुर्चीत. नववीतली माझी मुलगी खाली आली.

"आई, व्हॉट हॅपन्ड?"

सांगितलं.

"व्हॉट इज सोवळं?"

अमेरिकेत जन्मलेल्या पोरीला हे सांगायची वेळ यावी. म्हटलं, अंघोळ करून, वेगळं वस्त्र नेसून, कुणाला न शिवता केलेला स्वयंपाक.

"कुणाला म्हणजे?"

"आपल्याला."

ती म्हणाली, "बट यू टोल्ड देम टू टेक इट ऑफ!" आणि तिनं रागानं फॉइल फाडलं, उभ्याउभ्या पोळी खायला लागली. मला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता.

संध्याकाळी काकांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"गैरसमज झाला हो ताई. काकू जरा जुन्या वळणाच्या. मी समजावतो त्यांना. तुम्ही एक करा, ते 'माझ्याविषयी' तेवढं काढून टाका. आमच्याकडची नोंद आहे तशी राहू दे. कोणाला कळतंय? आणि हाताला चव तर अगदी आपल्यासारखी आहे तुमच्या."

सकाळी मी फसवणारी होते. आता मला फसवायलाच सांगत होते, आणि तेही उपकार केल्यासारखं.

नवरा शेजारी बसला होता. हातानं खुणा करत होता, जाऊ दे. त्याचा मॅनेजर मंडळाच्या कमिटीत आहे. ग्रीन कार्डचे कागद त्याच कंपनीतून जायचेत. तो कुजबुजला, "जाऊ दे नं यार. आत्ता नको." त्याची भीती खोटी नव्हती. मलाही भीती वाटली, का नाही वाटणार? दिवाळीचा फराळ तोंडावर आलेला. एक पान काढलं की सगळं सुरळीत. पण मग माझ्या हातचं ते खाणार, वा वा करणार, आणि ती वा वा माझी नसणार. त्यापेक्षा बर्फ बरा होता.

"काका, माझं पान राहील. तुमचे शब्द काढा. सोमवारपर्यंत."

"हट्टाला पेटलात तुम्ही."

"हो. पेटलेय."

सोमवारी शब्द गेले. आणि 'महाराष्ट्रीय जेवण' या वर्गातून मीही गेले. शोधशोध शोधलं. सापडले 'इतर'मध्ये, गालिचे धुणारा आणि एअरपोर्टला सोडणारा यांच्या मधे. विचारलं तर ईमेल आला. 'समाजाच्या भावना लक्षात घेऊन.'

मी इतर? पुरण माझं, वडाभात माझा, ज्या भाषेत तुम्ही मला हा ईमेल लिहिलात ती भाषा माझी. आणि मी इतर? अंगाची आग आग झाली. पण त्या आगीत डोकं एकदम लख्ख झालं. आता विनंती पाठवायची नाही. विनंत्या झाल्या.

रविवारी मंडळाची सर्वसाधारण सभा आहे. मी सभासद आहे, मला बोलायचा हक्क आहे. नवरा म्हणाला, "मी गाडीत बसतो." म्हटलं, बस. मुलगी आत येणार आहे, तिनंच सांगितलं.

मी माइक घेणार आहे. आडनाव सांगणार आहे, आणि जात विचारायची तसदी नको म्हणून तीही सांगणार आहे. ते शब्द कोणी घातले, मी काढा म्हटल्यावर काय उत्तर मिळालं, फोनवर मला काय लपवायला सांगितलं, सगळं काकांच्या समोर, काकूंच्या समोर. मग माझी मागणी. 'महाराष्ट्रीय जेवण' याच वर्गात माझी नोंद, माझ्याच शब्दांत. 'नागपूरच्या आंबेडकरी बौद्ध घरातलं मराठी जेवण.'

नाही म्हणायचं असेल तर ईमेलमधून म्हणू नका. हात वर करा. कोणाकोणाचे हात वर जातात ते मला तिथं उभं राहून बघायचंय.