नुसते दगड

घळीच्या भिंतीवरून ऊन सरकतंय आणि दगड गुळासारखे पिवळे, मग जांभळे होताहेत. कच्छच्या या उजाड मुलखात चाळीस वर्षांपूर्वी आमचे हे मित्रांबरोबर खाली उतरले, तेव्हा मी वर सामान राखत बसले होते.

"काय होतं हो खाली?"

"काही नाही गं, नुसते दगड."

तेव्हाच्या माझ्यातल्या बावळट मुलीने ते खरं मानलं, वर सगळ्यांना सरबतही करून दिलं. राग मुरायला वर्षं लागतात, पण मुरला की चव येते. यंदा एकटीच गाडी चालवत आले, काठावर तंबू ठोकला, तळापर्यंत जाऊन आले. गुडघे धरून घरी बसलेल्या ह्यांचा आत्ताच फोन आला, "फोटो तरी पाठव."

"फोटोत येत नाही हो, ऐका," म्हटलं आणि एकेक रंग सावकाश सांगत गेले. ते "पुरे गं" म्हणाले, तरी मी थांबले नाही.