गोडाला हात न लावण्याचा बेत

कराड स्टेशनवर गाडीत बसता बसता जुईनं, म्हणजे आमच्या लेकीनं, मला पुन्हा एकदा बजावलं, "आई, तिथं गोड खाशील ते विचार करून खा. प्रशांतच्या घरी मुलीच्या आईवडिलांनी गोड खाल्लं की सोयरीक ठरली असं धरतात. हो म्हणायचं असेल तरच खा."

हो म्हणायचं की नाही, हेच तर ठरत नव्हतं. जुई अकोल्याला शिकायला होती, तिथं तिची प्रशांतशी ओळख झाली. तो आता नांदुऱ्याच्या कॉलेजात शिकवतो आणि राहतो वडनेर भोलजीला, आईवडिलांबरोबर. मुलाबद्दल माझी तक्रार नव्हती. काळजी होती ती जुईची. कुणी आग्रह केला की आमची पोर नको असलेलंही मुकाट्यानं घेते. अशी मुलगी एका रात्रीच्या अंतरावर, परक्या स्वयंपाकघरात द्यायची आणि आपण इथं कृष्णाकाठी बसून सुखानं झोपायचं, हे मला जमणार नव्हतं. तेव्हा जाऊन सगळं बघायचं, पोटभर तिखट खायचं आणि 'विचार करून कळवतो' म्हणून परत यायचं, असा माझा बेत होता. अडचण एकच, बरोबर हे होते, आणि ह्यांना जेवणानंतर गोड लागतंच.

"चहात साखर चालेल ना?" ह्यांनी गाडी सुटल्यावर विचारलं.

"चहा गोडात धरत नाहीत," मी म्हणाले.

सकाळी मलकापूरला उतरलो तेव्हा बोचरी थंडी होती. वऱ्हाड म्हणजे भट्टी असं ऐकून मी शाल पिशवीच्या तळाशी घातली होती, ती फलाटावरच सगळं उपसून काढावी लागली. बाहेर रिक्षावाल्यानं आमच्या सामानाकडे बघून विचारलं, "कोणाकडं जाऊन राह्यले, काकू?"

मी भास्कररावांचं, म्हणजे प्रशांतच्या वडिलांचं नाव सांगितलं.

"पोरगा पाह्याले आले का?"

"हो."

"मंग रोडगे खासान आज. त्याहीच्या शेतातले रोडगे खाल्ले का घर विसरून जासान तुमी."

घर विसरायला मी आले नव्हते, पण त्याला कशाला सांगायचं? नांदुऱ्याकडे जाणारा रस्ता ऐसपैस, दोन्हीकडे वाळत आलेली तूर आणि मधूनमधून कोवळा हरभरा. आमच्याकडच्या उसानंतर एवढं मोकळं आभाळ बघून बरं वाटलं, हे कबूल करते.

घरी पोचताच प्रशांतच्या आईनं, कमलताईंनी, पायांवर घ्यायला गरम पाणी दिलं, मग शेंगदाणे पेरलेले तिखट पोहे आणि चहा. बाई उंच, सावळ्या, बोलायला मोजक्या. ह्यांनी पोह्यांची बशी पुढे केली तेव्हा त्यांनी वाढलं. मी नको म्हटलं तेव्हा 'घ्या हो, लाजू नका' झालं नाही. मला जरा चुकल्यासारखंच वाटलं. आमच्याकडे पाहुण्यानं नको म्हटल्यावर खरा आग्रह सुरू होतो.

दुपारी सगळे शेतात गेलो. विहिरीजवळ लिंबाखाली गोवऱ्यांचा विस्तव फुलला होता आणि भास्करराव बाह्या सरसावून कणीक मळत होते. मी सवयीनं मदतीला पुढे झाले, तर कमलताईंनी मला हाताला धरून सतरंजीवर बसवलं.

"आज आमची चूल बंद, ताई. रोडगे म्हणलं का पुरुष माणसंच करतेत. आपण बसून खायाचं."

मी बसले खरी, पण नजर गप्प बसेना. जाडसर पीठ, त्याला तेलाचा हात, छोट्या पोळ्या एकावर एक ठेवून वळलेला गोळा, आणि तो थेट विस्तवात. तेच रोडगे. प्रशांत ते काठीनं फिरवत होता, केसांत राख, डोळ्यांत धूर. एक रोडगा काळा पडला तसे भास्करराव म्हणाले, "जळू नको देऊ बे, पाहुण्याईले कोळसा खाऊ घालतं का?" प्रशांतनं तो गुपचूप स्वतःच्या वाटणीला काढून ठेवला. हे मी पाहिलं आणि मनात जमा केलं.

भाजलेले रोडगे गोणपाटावर घोळून राख झाडली, हातानं फोडले, वरून तूप. सोबत तुरीचं वरण, वांग्याची झणझणीत भाजी आणि ठेचा. रोडगा वरून खरपूस, आतून पदर सुटलेला मऊ. मी चवीचवीनं जेवत होते आणि एक डोळा ह्यांच्यावर ठेवून होते. गोड कधी पुढे येतंय याची वाट बघत होते, म्हणजे त्याला नको म्हणायला. गोड काही आलं नाही.

तिखटाची मला भीती नाही, कराडची आहे मी. त्याच तोऱ्यात मी ठेच्याचा मोठा घास घेतला. क्षणभर काही झालं नाही, मग कानांतून वाफा निघायला लागल्या. डोळ्यांना धारा, बोलता येईना. कमलताईंनी हातातलं ताट खाली ठेवलं, शेजारच्या पिशवीकडे हात नेला, थांबल्या, आणि दह्याची वाटी उचलून माझ्या हातात दिली. "हळूहळू खा," एवढंच म्हणाल्या.

दह्यानं जीव थाऱ्यावर आला. मग लक्षात आलं. तिखट लागलं की कुठल्याही घरात आधी गूळ पुढे करतात. मी विचारलं, "ताई, गूळ नव्हता का?"

त्या जरा घुटमळल्या. "होता ना. पिशवीतच हाय."

"मग दिला का नाहीत?"

"तोंडात आग असताना माणूस हाती दिलं ते खाते, ताई. मले तुमचा हो असा नव्हता पाह्यजे. म्हणून गोडही काही केलं नाही आज. तुमी इतक्या दुरून पाह्याले आल्या, तुमाले नाही म्हण्याले जागा तं ठेवा लागते ना."

माझ्या पोरीला नको म्हणता येत नाही, या एका काळजीनं मी एवढा प्रवास केला होता. आणि ही बाई समोरच्याला नको म्हणता यावं म्हणून आपल्याच घरचा गूळ झाकून बसली होती. मला रडू आलं, आणि ते मी ठेच्यावर ढकललं नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान डोलावली. नुसत्या गोडासाठी नसावी, असं मी धरून चालले.

मी हात पुढे केला. "विहीणबाई, काढा तो गूळ."

आमच्या गुळापेक्षा काळपट होता, थोडा खारट लागणारा. आम्ही गूळवाल्या भागातली माणसं, गुळाला सहजी चांगलं म्हणत नाही. मी आणखी एक खडा मागितला.

निघताना रोडग्यांचा डबा मिळाला. गाडीत बसल्यावर वाटत राहिलं, माणसं किती वाढतात हे आपण बघत असतो. कुठं हात आवरतात हेही बघायला हवं. वडनेर अजूनही एका रात्रीच्या अंतरावरच आहे, ते काही जवळ सरकलेलं नाही. पण मी त्या गाडीत गाढ झोपणार होते.

झोपायच्या आधी जुईचा फोन आला. "काय जेवलात?"

"रोडगे, वरण, वांग्याची भाजी. ठेचा."

तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "आणि?"

"आणि गूळ," मी म्हणाले. "मागून घेतला."