तोमिएबाईंचा कुलूपबंद फोन

तोमिए नुकुई जपानमधल्या आमच्या तोत्तोरीतल्या लाँड्रीत एकतीस वर्षं इस्त्री करत होत्या. कपडा समोर आला की आधी खिसे चाचपायच्या, मी चाचपलेले असले तरी. त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना तैवानमधल्या ताइचुंगच्या एका हॉटेलने इस्त्री शिकवायला दोन वर्षांसाठी बोलावलं, तेव्हा खात्री करायला त्यांनी त्या हॉटेलला वेगवेगळ्या दिवशी तीनदा फोन केला.

मग उरला हातातला फोन. तो इथल्याच कंपनीचा, दुसऱ्या कंपनीचं सिम न घेणारा. त्याचं कुलूप काढायला बाई दुकानात गेल्या. काउंटरवरच्या बाईंनी संगणकात पाहून सांगितलं, "झालं. आता कुठलंही सिम चालेल."

"फोन हातात न घेता झालं?" तोमिएबाई लाँड्रीत परत येऊन मला म्हणाल्या. "मला नाही पटत."

"मग दुसरं सिम घालून बघा की," मी म्हटलं. "न्युंगकडे आहे वेगळ्या कंपनीचं."

बाई पुन्हा इस्त्रीकडे वळल्या. न्युंग व्हिएतनामहून आलेली, आमच्याकडे धुलाईला. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची मोत्याची पिन हरवली, तेव्हा बाईंनी मालकांकडे तिचंच नाव घेतलं होतं. पिन आठवड्याने मशीनच्या जाळीत सापडली. त्यावर कोणी काही बोललं नाही.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत बाई तिच्यापुढे जाऊन बसल्या. न्युंगने डबा बाजूला ठेवून सिम काढलं. बाईंची नजर तिच्या बोटांवरून हलत नव्हती. सिम बाईंच्या फोनमध्ये गेलं आणि पडद्यावर अक्षरं आली: हे सिम चालणार नाही.

"तू काही दाबलंस का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही. हात तुमच्यासमोर आहेत," न्युंग शांतपणे म्हणाली. "तुम्ही बघतच होतात."

बाईंचे कान लाल झाले. सिम काढून परत देत त्या म्हणाल्या, "त्या पिनेचं माझं चुकलं."

"तुम्ही माझं नाव घेतलंत ते माहीत आहे मला. मालक तेव्हाच बोलले होते." तिने डबा पुन्हा पुढे ओढला. "शनिवारी मी येते दुकानात."

दुकानात उलगडा झाला. बाईंच्या नावावर दोन फोन होते आणि कुलूप निघालं होतं घरी कपाटात पडलेल्या जुन्याचं. काउंटरवरच्या बाई कमरेत वाकून माफी मागत राहिल्या. तोमिएबाईंनी मात्र हातातल्या फोनचा ओळख क्रमांक एकेक आकडा वाचून जुळवून घेतला आणि न्युंगचं सिम तिथेच घालायला लावलं. पडद्यावर दुसऱ्या कंपनीचं नाव आलं. ते जात नाही ना, हे बघत त्या आणखी दहा मिनिटं बसल्या.

मार्चमध्ये त्या गेल्या. तिथलं सिम घातल्यावर पहिला फोन लाँड्रीत आला, मीच उचलला. "इथल्या मुली कॉलर उलट्या बाजूने इस्त्री करतात," त्या म्हणाल्या. "न्युंगला दे जरा."

मशिनं चालू होती, त्यामुळे त्या दोघी काय बोलल्या ते मला कळलं नाही. बराच वेळ बोलत होत्या.