धाकटीच्या हातातला दोर

खारूला साडूचं सगळंच सलायचं. माणूस सलायचा असं नाही, माणूस तसा बरा. पण त्याची गाडी सलायची. गाडीच्या दारावर रंगवलेलं हिरवंगार झाड सलायचं. माणसं त्या झाडाखालचा नंबर लिहून घ्यायची, ते तर फारच सलायचं. खारूचा नंबर कोणी लिहून घेत नसे. तो तोंडी फिरायचा, "तो नाही का, खारीसारखा चढतो तो," असा.

धंदा दोघांचा एकच, झाडं उतरवायची आणि फांद्या छाटायच्या. मेलेली फांदी कोणती, जगेल ती कोणती, हे खारूला शाळेत असताना कळायला लागलं होतं, कारण फळ्यापेक्षा खिडकीबाहेरच्या झाडाकडेच त्याचं लक्ष जास्त. आठवीत शाळेने त्याला सोडलं का त्याने शाळेला, हा वाद घरात अजून मिटलेला नाही. पण झाडावर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कमरेला पट्टा, पाठीला दोर, पट्ट्याला लटकवलेला पेट्रोलचा कटर, आणि पठ्ठ्या बघता बघता शेंड्याला.

सामान घेताना तर तो नवरी बघायला गेल्यासारखा करायचा. दोर घ्यायचा तर अर्धा तास हातात खेळवणार, पीळ उलगडून बघणार, वास घेणार. कटरची चेन तो दुकानात कधी द्यायचा नाही. रोज सकाळी पायरीवर बसून कानशीने एकेक दात स्वतः घासणार. दुकानदार म्हणायचा, "याला सामान विकणं म्हणजे परीक्षेला बसणं." असा हा माणूस. पुढे जे झालं ते ऐकताना एवढं लक्षात ठेवा, की तो मुळात मूर्ख नव्हता.

आणि खाली दोर धरायला त्याची बायको. ती दोन बहिणींतली लहान, म्हणून माहेरी धाकटी, सासरी धाकटी आणि कामावरही धाकटीच. मोठी बहीण साडूच्या घरात. धाकटीचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. फांदीला बांधलेला दोर वरच्या बेचक्यातून खाली यायचा. तो तिने बुंध्याला तीन वेढे द्यायचे आणि टोक धरून उभं राहायचं. फांदी तुटली की सगळं वजन दोरावर. मग हळूहळू सोडत न्यायचं, बाळ पाळण्यात ठेवतात तसं. खाली कोणाची काच, कोणाची गाडी, कोणाच्या कुंड्या. पाच वर्षांत धाकटीच्या हातून एकही कुंडी फुटली नव्हती.

एका रविवारी दोघं साडूकडे चहाला गेली. साडूने नवीन बॅटरीचा कटर टेबलावरच आणून ठेवला, बिस्किटांच्या शेजारी. वजन काही नाही, धूर नाही, दोरी ओढायची भानगड नाही. साडूने बटण दाबलं तर नुसता सूंऽऽ असा आवाज.

"कळतसुद्धा नाही हो भाऊजी," धाकटी म्हणाली. "नाहीतर आमच्याकडचा भोंगा! घरी आलं तरी कानात वाजत असतो."

खारूचा घास तोंडातच फिरायला लागला.

तेवढ्यात साडू म्हणाला, "धाकटे, एक विचारू? माझा दोरवाला काम सोडून गेला. तू येतेस का माझ्याकडे? तुझ्यासारखा दोर मी कोणाला धरताना पाहिला नाही."

"आणि माझा दोर कोण धरणार, साडूभाऊ? तुमची गाडी?" खारू हसत म्हणाला. हसू नुसतं दातांवर होतं.

"अरे, मी तिला विचारलं. तुला नाही."

धाकटीने कप खाली ठेवला. "बघू," म्हणाली.

झालं. हे 'बघू' खारूच्या नखात कुसळ जावं तसं रुतलं. 'नाही' म्हणाली असती तर प्रश्न नव्हता. 'हो' म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. 'बघू'शी माणूस भांडणार कसा? परत येताना गाडीवर त्याने विचारलं, "काय बघणार आहेस तू?"

"समोर बघ. खड्डा आहे."

त्या रात्री त्याच्या डोक्याने साधा हिशोब मांडला. बायको साडूकडे जाणार. का? त्याचा कटर वाजत नाही म्हणून. मग आपला वाजायचा थांबला की ती राहील. जळक्या डोक्याचे हिशोब असेच सरळ असतात. मधली एक पायरी गायब असते, आणि नेमकी तिथेच माणूस तोंडघशी पडतो.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला, तो अर्धा तास बघायला नाही, पाच मिनिटांत घ्यायला. "साडूने नेला तोच दे. जुना बदल्यात घे."

दुकानदाराने जुना कटर हातात घेतला, पातं बघितलं, चेनवरून अंगठा फिरवला. "वेडा आहेस का? हातात बसलेलं हत्यार आहे हे. राहू दे घरात. नवीन अंगवळणी पडेपर्यंत तरी."

"तू विकणारा आहेस का माझी आजी?"

दुकानदाराने नवा खोका पुढे सरकवला. खारू नवा कटर काखेत मारून बाहेर पडला आणि त्याला वाटलं, साडूच्या नाकावर टिच्चून आलो.

धाकटीला त्याने तो दाखवला थेट कामावर. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक निलगिरी होती, उंच आणि कललेली. तिच्या दोन जाड फांद्या पेशंट बसतात त्या काचेच्या छपरावर आल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "वारा सुटला की पेशंट दाढदुखी विसरून वर बघत बसतात."

खारूने पिशवीतून कटर काढला. धाकटीने हातात घेऊन तोलला. "हलका आहे. आणि जुना?"

"दिला."

"दिलास? मला न विचारता?"

"तुलाच तर भोंगा नको होता! आता बघ, आवाज म्हणून नाही."

ती काहीतरी बोलणार होती. पण खारू ऐकायला होता कुठे, तो तर बेचक्यापर्यंत पोचलासुद्धा.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती खारूला पाच वर्षं माहीत नव्हती आणि धाकटीने कधी बोलून दाखवली नव्हती, कारण तिलाही ती कोणी शिकवली नव्हती. दोर धरणाऱ्याला वर बघता येत नाही. वर बघितलं की भुसा डोळ्यात. म्हणून धाकटी खाली बघायची, दोराकडे, आणि कानाने काम करायची. पेट्रोलचा कटर लाकडात शिरला की त्याचा आवाज जाडा व्हायचा, घशात घास अडकल्यासारखा. फांदी सुटायच्या आधी तोच आवाज सर्रकन चढायचा. तो चढला की धाकटी पाय रोवायची. खारू तर वर गेला की मुका, एक शब्द बोलणार नाही. त्याच्या वतीने पाच वर्षं तो भोंगाच बोलत होता.

आणि त्या दिवशी भोंगा नव्हता. वर तीस फुटांवर सूंऽऽ, आणि खाली दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी दात कोरायच्या यंत्राला हवा देणारं मशीन धडधडत होतं. धाकटीला वाटलं, हा अजून बूड टेकायला जागाच शोधतोय. दोराला पीळ पडला होता. तो सरळ करायला तिने बुंध्याचा एक वेढा काढला.

फांदी सुटली.

दोर तिच्या हातातून असा सरसरत गेला की हातमोज्यांमधून धूर निघाला. कोणीही सोडला असता. हात आपोआप सुटतात माणसाचे, त्यात लाज काही नाही. तिने नाही सोडला. ती दोराबरोबर फरफटत बुंध्यावर जाऊन आपटली, खांदा लावला, गुडघा लावला आणि दोर आवळला. फांदी काचेच्या वर वीतभर अंतरावर थांबली आणि तिथेच झुलत राहिली. आतला एक पेशंट तोंड उघडं ठेवून वर बघत होता. पण त्याचं तोंड आधीपासूनच उघडं होतं, त्यामुळे त्याचं काही सांगता येत नाही.

खारू खाली आला तो घसरतच. फांदी आधी जमिनीला टेकवली. मग त्याने बायकोकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते लिहायलाही लाज वाटते. पण निघालं ते निघालं. "साडूकडे असतीस तर असं लक्ष उडालं नसतं तुझं!"

धाकटीने दातांनी हातमोजे ओढून काढले आणि तळवे त्याच्यापुढे धरले. दोन्ही तळव्यांवर लाल पट्टे उठले होते, मधे कातडी सोलली होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेलं. खारू दारातून म्हणाला, "बाई, हाताचा डॉक्टर कुठे..."

"मलम लावायला दात लागत नाहीत. तुम्ही बाहेर थांबा."

तो बाहेर थांबला. आतून धाकटीचा आवाज येत होता, डॉक्टरीणबाईंना सांगत होती, "कळलंच नाही हो मला, कापतोय म्हणून. काही ऐकूच आलं नाही." खारूने हातातल्या कटरकडे बघितलं. एवढा वेळ तो चालूच आहे की बंद, हे त्यालाही बटणाकडे बघूनच कळलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यातली ती गायब पायरी जागेवर आली.

तो तडक दुकानात गेला. जुना कटर त्याच दुपारी विकला गेला होता.

पाच दिवसांनी धाकटी सकाळी पट्ट्या बांधलेल्या हातांनीच बूट घालायला लागली. "भाऊजींकडे चालले."

"या हातांनी दोर धरणार?"

"दोर नाही. त्यांना खाली लक्ष ठेवणारं कोणीतरी हवंय."

खारू दोन तास घरात थांबला. तिसऱ्या तासाला त्याने साडूचं काम कुठे चाललंय ते शोधून काढलं आणि समोरच्या वह्या-पेनांच्या दुकानात जाऊन, काचेआड उभा राहून बघायला लागला. साडू क्रेनच्या पाळण्यात उभा होता. त्याने कटर उचलला, पण लावला नाही. खाली वाकून ओरडला, "धाकटे, कापू?"

धाकटी दोन्ही हात छातीशी धरून रस्त्याच्या मधे उभी होती. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. एक म्हातारा काठी टेकत येत होता. "थांबा भाऊजी!" आणि साडू थांबला. एवढा गाडीवाला, नंबरवाला, दारावर झाड रंगवलेला माणूस, पाळण्यात कटर धरून गप्प उभा राहिला. म्हातारा अगदी सावकाश गेला. धाकटीने नव्या दोरवाल्याचे वेढे बघितले, मान हलवली. "कापा!"

खारूला ती गाडी, ते चित्र, तो नंबर, आजवरची सगळी जळजळ त्यापुढे किरकोळ वाटली. त्याने साडूचं मशीन बघितलं होतं. हे 'कापू का' त्याला दिसलंच नव्हतं. ते कुठल्या दुकानात मिळत नाही, बदल्यात काही देऊनही मिळत नाही. आणि आपल्या बायकोला ते दुसऱ्याने विचारावं, भर रस्त्यात, आणि तिने असं ताठ उभं राहून उत्तर द्यावं!

"काय देऊ?" दुकानातल्या मुलीने तिसऱ्यांदा विचारलं. त्याने घाईघाईत एक पेन घेतलं.

संध्याकाळी धाकटी म्हणाली, "समोरच्या दुकानातून काय घेतलंस?"

"...पेन."

"अरे वा. परीक्षा जवळ आली वाटतं."

तो हसला नाही. "तू आता तिकडेच जाणार का?"

"तिकडे मला विचारतात."

खारूला बोलायचं होतं ते सगळं त्याने त्या दिवशी निलगिरीखाली बोलून टाकलं होतं. तो पायरीवर जाऊन नव्या कटरची चेन घासत बसला. चेनला त्याची गरज नव्हती. त्याला होती.

पंधरवड्याने पट्ट्या सुटल्या. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, दुसरी फांदी तशीच आहे, आणि पेशंट आता काचेखाली बसायला तयार नाहीत.

"उद्या दवाखान्यात जायचंय," खारू म्हणाला.

"जा की."

पाच वर्षं तो 'चल' म्हणायचा आणि ती चलायची. तो दारात उभा राहिला, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. "दोर धरायला... येतेस का?"

धाकटीने ताटं पुसणं थांबवलं. "उद्या भाऊजींचं काम आहे."

"बरं."

"परवा मोकळी आहे."

परवा! साडूला उद्या आणि आपल्याला परवा, म्हणजे साडूचं झाल्यावर उरलेला दिवस. रात्रभर त्याला हेच चावत होतं. पण सकाळी तो डॉक्टरीणबाईंना सांगून आला, "परवा येतो. माझ्या दोरवालीला उद्या वेळ नाही."

परवा तो निलगिरीवर चढला, पट्टा आवळला, कटर फांदीला टेकवला. मग परत उचलला. तोंड उघडलं तर आवाज फाटका निघाला, सवयच नव्हती. "धाकटे! कापू का?"

"थांब."

ती आत गेली. हवेचं मशीन बंद करून आली. काचेखालच्या दोन पेशंटना उठवलं, तिसरा उठेना, त्याला दंडाला धरून उठवलं. परत आली, दोर सरळ केला, तीन वेढे दिले, थोडा विचार करून चौथाही दिला. खारू वर फांदीला मिठी मारून बसला होता. हात अवघडले. 'थांब' म्हणायचा तो सूर तिने कुठून आणला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या सुराचासुद्धा त्याला राग येत होता. तरी तो थांबला.

"काप आता!"

फांदी सुटली, दोरावर बसली आणि हळूहळू खाली गेली. काचेला पानसुद्धा घासलं नाही.

"उद्या येशील?" तो वरूनच ओरडला.

"उद्या तिकडे. सांगितलंय मी."

"आणि परवा?"

"विचारशील तेव्हा सांगेन. आधी खालचा खुंट राहिलाय तो बघ."

त्याने खुंटाला कटर लावला, दात ओठांत रोवले आणि परत ओरडला, "कापू का?"